'सैरंध्री'च्या सालातली एव्हलिन प्रीअर

खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळून जाताना कोल्हापूरकराला १९२० म्हटलं की बाबूराव पेंटरांचा मूकपट 'सैरंध्री'च आठवणार. त्याच साली जानेवारीत अमेरिकेत शिकागोला ऑस्कर मीशो या काळ्या दिग्दर्शकाचा मूकपट 'विदिन अवर गेट्स' लागला. नायिका एव्हलिन प्रीअर. दोन्ही चित्रपट सेन्सॉरच्या तावडीत सापडले. आपला कीचकवधामुळं, तिकडचा झुंडबळीच्या दृश्यामुळं, कारण आदल्याच उन्हाळ्यात शिकागोत वंशदंगल पेटली होती. 'सैरंध्री' आता बघायला मिळत नाही. मीशोचा चित्रपट मिळतो.

बाबूराव पेंटरांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाईंना कॅमेऱ्यापुढं उभं केलं, तेव्हा आपल्या नाटकांत बायकांची कामं पुरुषच करायचे. प्रीअरची अडचण निराळी. अमेरिकेत नट्या होत्याच, पण काळ्या नटीच्या वाट्याला बहुतेक मोलकरीण नाहीतर हसण्यावारी न्यायचं पात्र. १८९६ ला मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गला जन्म, वडील गेल्यावर आईबरोबर शिकागो, आणि १९१९ ला मीशोच्या 'द होमस्टेडर'मधून पडद्यावर. तो चित्रपट हरवला.

तिची खरी तालीम झाली ती लाफायेत प्लेयर्समध्ये. अनिता बुशनं १९१५ साली उभी केलेली ही न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतली काळ्या नटांची नाटक मंडळी. आपल्या नाटक कंपन्या ठरावीक गाजलेली नाटकं घेऊन गावोगाव फिरायच्या. इथं बहुधा दर आठवड्याला नवं नाटक. म्हणजे रात्री प्रयोग आणि दिवसा पुढच्या नाटकाची नक्कल पाठ. असल्या घाण्यातून निघालेला नट एका भूमिकेत अडकत नाही. १९२३ ला ब्रॉडवेवर ऑस्कर वाइल्डची सलोमी, १९२८ ला लॉस एंजेलिसला 'रेन'मधली सेडी थॉम्पसन, या तिच्या भूमिका. नाटकातलं तिचं काम आज बघता येत नाही, ही खरी खंत.

म्हणून 'विदिन अवर गेट्स' नीट बघावा. प्रताधिकार संपलाय, यूट्यूबवर सहज मिळतो, पण कुठलीही प्रत उघडू नका. १ फूट ३५ मिमी फिल्ममध्ये १६ फ्रेम असतात. १,००० फुटांचं रीळ मूकपटाच्या संथ वेगानं, म्हणजे सेकंदाला १६ फ्रेमनं, १६ मिनिटं ४० सेकंद चालतं. तेच बोलपटाच्या २४ फ्रेमनं पळवलं की ११ मिनिटांत आटोपतं. मग माणसं तुरुतुरु चालतात आणि प्रीअरचा संथ अभिनय माकडचेष्टा वाटायला लागतो. चालणाऱ्या माणसाकडं बघा. पाय नेहमीच्या चालीनं पडत असतील तर प्रत बरी. मागं लावलेलं संगीत नको वाटलं तर आवाज बंद करा, काही बिघडत नाही.

दृश्यांच्या मधे येणाऱ्या पाट्यांवरच्या मजकुरावर फार भिस्त ठेवू नका. मूळ इंग्रजी पाट्या बहुतेक गेल्या. प्रिंट सापडली स्पेनमध्ये, 'ला नेग्रा' नावानं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९९३ मध्ये तिची डागडुजी केली, तेव्हा स्पॅनिशवरून मजकूर पुन्हा इंग्रजीत आणला. मधला एक तुकडा गायब आहे; तिथं पाटीवर गोष्ट सांगून भागवलंय. कथा तुटल्यासारखी वाटली तर दोष तुमचा नाही.

गोष्टीत सिल्व्हिया नावाची शिक्षिका काळ्या मुलांच्या शाळेसाठी ५,००० डॉलर जमवायला उत्तरेत जाते. पहिला तासभर सगळं जरा रेंगाळतं, खोटं कशाला बोलू. शेवटी तिचा भूतकाळ उलगडतो. एकीकडं तिला वाढवणाऱ्या आईबापांना झुंड फासावर चढवते, दुसरीकडं बंद घरात एक गोरा तिच्यावर झडप घालतो, आणि मीशो या दोन ठिकाणांत आळीपाळीनं कापत राहतो. इथं प्रीअरकडं बघा. हात उगारून, डोळे विस्फारून करायची मूकपटी नाटकं फार कमी. अंग आक्रसतं, मग सगळा जोर लावून ती झगडते. झटापटीत कपडा फाटतो, छातीवरचा जुना व्रण दिसतो, आणि तो माणूस जागच्या जागी थबकतो. ती त्याचीच मुलगी असते.

बोलपट आल्यावर तिनं छोटे विनोदी चित्रपट केले, 'ब्लाँड व्हीनस'मध्ये छोटं काम केलं. एप्रिल १९३२ मध्ये मुलगी झाली. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला दोन्ही फुफ्फुसांच्या न्यूमोनियानं ती गेली. वय ३६.