मालवण-तारकर्ली: आधी तिथी बघा, मग बोट ठरवा

मालवणात पाऊल टाकलं की हातात एक यादी पडते: डॉल्फिन, सुनामी आयलंड, संगम, स्कूबा, पॅरासेलिंग, किल्ला. यादीत वावगं काही नाही, फक्त तिच्यातला क्रम बोटवाल्याच्या सोयीचा असतो. त्याच सुनामी आयलंड नावाच्या वाळूच्या बेटावर एक कुटुंब घोटाभर पाण्यात तासभर खेळतं आणि दुसरं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फोटो काढून परततं. फरक असतो तो कधी पोचलात याचा. म्हणून खोली बुक करायच्या आधी कालनिर्णयावरची तिथी बघावी.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट 3, म्हणजे पहाटे 3 आणि दुपारी 3 च्या सुमाराला भरती. अष्टमीला 6. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहा तास आणि वर थोडी मिनिटं गेली की ओहोटी पुरी होते. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्यात मालवण किंवा वेंगुर्ला बघून खात्री करून घ्या. तक्त्यात वेळेशेजारी पाण्याची उंचीही दिलेली असते, तीही वाचा. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात.

याचा उपयोग असा. चतुर्थी ते षष्ठी या दिवसांत ओहोटी सकाळी सव्वानऊ ते पावणेअकराच्या दरम्यान येते. वाळूचे बेट, खडकातली डबकी, पद्मगड या छोट्या जलदुर्गाची पायवाट, असं सगळं सकाळच्या उन्हात उरकतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही, पण ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीच्या मागेपुढे भांगाचं पाणी. चढउतार कमी, ओढ कमी. लहान मुलं किंवा पोहता न येणारी मंडळी बरोबर असतील तर हे दिवस पकडा.

पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही, आणि फसगत इथेच होते. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. उधाणाला मालवणात चढ साधारण दोन मीटर धरला तर पहिल्या तासात पाणी जेमतेम 17 सेंटीमीटर वाढतं, तिसऱ्या तासात एकदम अर्धा मीटर. दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगडाकडे चालत जाणारे नेमके इथे चुकतात. पहिला तास काही होत नाही म्हणून निवांत बसतात, आणि उठतात तेव्हा वाट बुडालेली असते. चांगल्या ओहोटीला, ओहोटी पुरी व्हायच्या तासभर आधी निघा आणि ती पुरी झाल्यावर अर्ध्या तासात परतीला लागा. जाताना सगळ्यात खोल जागा कुठे लागली ते लक्षात ठेवा. तिथे पोटरीच्या वर पाणी असेल तर पुढे जाऊच नका. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात; हवाई चपला वाळूत रुततात आणि खडकावर कालवांच्या शिंपल्या तळवा कापतात. दांडीजवळचा मोरयाचा धोंडा याच फेरीत होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामाचं पूजन जिथे झालं तो हा खडक, आणि गर्दी जवळपास नसते.

सिंधुदुर्गाला मालवण जेट्टीवरून बोटी सुटतात आणि दहा-पंधरा मिनिटांत पोचवतात. ज्या बोटीने गेलात तीच परत आणते आणि नाखवा साधारण तासाभराची मुदत देतो. तट सुमारे तीन किलोमीटरचा आणि आतलं क्षेत्र 48 एकर, त्यामुळे एका तासात किल्ला होत नाही. बसायच्या आधीच दीड-दोन तास मागून घ्या. सकाळच्या पहिल्या बोटींना हे सहज जमतं, शनिवार-रविवारी अकरानंतर नाही. पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664 ची, काम संपलं 1667 मध्ये. महादरवाजा बोटीतून जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तट त्याच्यापुढून वळवून घेतलाय. दरवाजा ओलांडताना मागे वळून ते वळण बघा, मग कळतं की आत शिरणाऱ्यावर वरून दोन्ही बाजूंनी मारा कसा करता येत असे. वर महाराजांच्या हातापायांचे ठसे, मग शिवराजेश्वराचं मंदिर, मग दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. एवढं बघून बहुतेक जण परततात. उरलेल्या वेळात पश्चिमेच्या तटावर जा. खुल्या समुद्राचा मारा कुठला तट खातो ते तिथेच दिसतं.

आता स्कूबा. ज्याला इथे सरसकट स्कूबा म्हणतात तो प्रकार म्हणजे पोहता न येणाऱ्यालाही इन्स्ट्रक्टरने धरून थोड्या खोलीवर काही मिनिटं फिरवून आणणं. त्यात कमीपणा काही नाही, पण अपेक्षा तेवढीच ठेवा. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी तारकर्लीतल्या पर्यटन महामंडळाच्या डायव्हिंग संस्थेतल्या कोर्सची चौकशी करावी. आधी पोहण्याच्या तलावात सराव, मग समुद्र.

पाण्यात दिसणं-न दिसणं हे नशिबावर नाही, वेळेवर आहे. कर्ली नदी ओहोटीबरोबर खाडीतला गाळ बाहेर ओतते, भरतीला समुद्राचं साफ पाणी किनाऱ्याकडे येतं. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचा तास आणि नंतरचा अर्धा तास हा डायव्हिंगचा आणि स्नॉर्केलिंगचा. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी सर्वांत स्वच्छ. पाच-सहा मीटर दिसलं तर दिवस चांगला समजा. समाजमाध्यमांवरचे निळेशार व्हिडिओ अंदमानचे असतात, आणि इथे तसं काही दाखवण्याचं आश्वासन देणाऱ्याकडून बुकिंग न केलेलं बरं.

मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेका, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर मापाचा, गळून पडला तर दुसरा मागा. पाणी शिरण्याची सगळ्यात सामान्य कारणं दोन: रबराखाली अडकलेले केस आणि मिशी. मिशीवर थोडं व्हॅसलिन लावलं की बऱ्यापैकी भागतं. पट्टा करकचून आवळला तर उलट जास्त गळतं, कारण रबराची कड दुमडते. काच धुरकटू नये म्हणून आतून थुंकी किंवा बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून एकदाच विसळायचा.

कानांचं मात्र मनावर घ्या. खाली जाताना दर अर्ध्या मीटरला नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं, दुखायला लागायच्या आधी. दुखलं की थोडं वर येऊन पुन्हा. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह रद्द, नाक मोकळं करायची गोळी खाऊन उतरायचं नाही. औषधाचा असर खालीच ओसरला तर अडकलेली हवा वर येताना कानाला इजा करते. आणि श्वास कधीच रोखायचा नाही. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईतो दुप्पट जागा मागते. एक-दीड मीटरवरून श्वास कोंडून वर येणंसुद्धा फुप्फुसाला महागात पडू शकतं. चिपी विमानतळावरून परतणार असाल तर एका डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्ह केल्या असतील तर 18 तास विमान नको.

खाली पोवळी दिसतील. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, आणि पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मेलेला तुकडासुद्धा खिशात घालू नका. पायात फिन (पोहायचे रबरी पंख) असताना पोवळ्यांवर उभं राहायचा मोह टाळलात तरी पुष्कळ.

देवबाग ही एका बाजूला कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र अशी चिंचोळी पट्टी. टोकाला संगम. सुनामी आयलंड म्हणजे या मुखाजवळचा वाळूचा उंचवटा, भरतीला बुडणारा. ओहोटी पुरी होण्याच्या दीड तास आधी पोचा, पाणी फिरल्यावर तासाभरात निघा. बेटाच्या मधोमध खेळा, कडेला नाही: प्रवाह कड खालून पोखरत असतो आणि पायाखालची वाळू घसरली की एका पावलात खोल पाणी. संगमावर पोहणं तर नकोच. ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडतं तिथे उभ्या, तुटक लाटा उठतात. बोटीलाही हाच पट्टा सर्वांत त्रासदायक. लाइफ जॅकेटची बकलं तीनही लावा आणि खांद्याला धरून वर ओढून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते निरुपयोगी, लहान माप मागा.

कयाक करायचा तर खाडीत, कांदळवनाच्या बाजूने. भरतीबरोबर आत जा, ओहोटीबरोबर परत या. उलट केलंत तर परतीचा रस्ता हातांना आठवडाभर आठवतो. वाऱ्याचंही गणित आहे. पहाटे मतलई वारा जमिनीवरून वाहतो, समुद्र आरशासारखा. अकरा-बारानंतर खारे वारे धरतात आणि तीनपर्यंत पाणी फेसाळतं. डॉल्फिन बघायचे तर सकाळी 7 ते 9 मध्येच, कारण सपाट पाण्यावर पाठीचा पर लांबूनही दिसतो. बोटवाल्याला इंजिन बंद करायला सांगा. पाठलाग केला की ते बुडी मारतात आणि भलतीकडे निघतात.

पोहायला चिवला. आखाताचा आडोसा असल्याने पाणी सौम्य, राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा दर डिसेंबरात इथेच भरते. सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर बघायला थांबा, मात्र दोराच्या आतल्या बाजूला उभे राहू नका. दोर ताणलेला असतो आणि अचानक सरकतो. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूवर घासत चला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट आधीच निसटतं. त्याचा काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरते, मग डॉक्टर. जेलीफिश चिकटली तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने उचला, एटीएम कार्डाच्या कडेने खरवडू नका.

भर दुपार किनाऱ्यावर घालवण्यात अर्थ नाही. त्या वेळात धामापूर: मालवणहून कुडाळच्या रस्त्याला, काठावर भगवतीचं देऊळ आणि 1530 मध्ये बांधलेला तलाव. सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून 2020 मध्ये त्याला मान्यता मिळाली. झाडी इतकी दाट की समुद्रावरची काहिली उतरते.

भोगवे देवबागेच्या अगदी समोर, नदीच्या पलीकडे. बोटीने काही मिनिटं. गाडीने जायचं तर चौके, नेरुरपारचा पूल आणि परुळे असा मोठा वळसा. नकाशावर जवळ दिसतं म्हणून गाडीने संध्याकाळी निघणारे सूर्यास्ताला रस्त्यातच असतात. अर्धा दिवस हाती असेल तरच गाडी काढा, आणि मग किल्ले निवतीही त्यातच करा.

विजयदुर्गाला मात्र अख्खा दिवस द्या. आचरा, मिठबाव, कुणकेश्वर, देवगड असा किनाऱ्याचा रस्ता घ्या, सकाळी सातच्या आत निघा. किल्ल्यावर साहेबाच्या ओट्यांपाशी हेलियमचा शोध इथूनच लागला अशी गोष्ट ऐकायला मिळेल. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण खरं, पण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेनने ते गुंटूरहून टिपलं होतं आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरचं निरीक्षण इंग्लंडमधलं, तेही ऑक्टोबरातलं. ओटे बघा, गोष्ट चवीपुरती घ्या.

हंगामाचं एवढंच: मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्याच्या बोटी आणि जलक्रीडा बंद. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात समुद्र फुगायला लागतो, तेव्हा बंदीच्या आदल्या आठवड्यातली स्वस्त बुकिंग टाळा. ऑक्टोबरात हवा सुंदर असते, पण पाणी अजून गढूळ. त्या महिन्यात स्कूबाचे पैसे वाचवून किल्ले आणि खाडी करा.