आमची वाटचाल : धातू तासण्याआधीचे काम

घरातल्या एका खोलीत, बेंच व्हाइस, डिजिटल काटा आणि हीट गन एवढ्याच सामग्रीवर आम्ही गोल्फच्या धातूच्या पटरचा, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे ढकलण्याच्या क्लबचा, फील बदलून देण्याचे काम सुरू केले आणि आजही आम्ही दुसरे कोणतेही काम घेत नाही. ड्रायव्हर किंवा आयर्न, म्हणजे लांब फटक्यांचे क्लब, घेऊन येणाऱ्यांना आम्ही नम्रपणे परत पाठवतो, कारण पटरमध्ये दहा ग्रॅमचा फरकही खेळाडूला डोळे मिटून कळतो.

आमचे पहिले भागीदार आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले कारागीर होते. त्यांनी कधी गोल्फ खेळला नाही. पण पटरचे सुटे केलेले हेड (चेंडूला लागणारा धातूचा भाग) दोऱ्याने टांगून, लाकडी मुठीने हलकेच ठोकून ते त्याचा आवाज ऐकत आणि हे कास्ट (ओतीव) आहे की सबंध ठोकळ्यातून मिल केलेले (यंत्रावर कोरलेले) आहे, याचा अंदाज बहुधा अचूक सांगत. शाफ्टला, म्हणजे क्लबच्या दांड्याला, ओरखडा पडू नये म्हणून व्हाइसला बसवायचे ॲल्युमिनियमचे मऊ जबडे त्यांनी स्वतः तयार केले आणि त्यांना आतून चामडे लावले. तेच जबडे आम्ही आजही वापरतो. दातेरी लोखंडी जबड्यांत पॉलिश केलेला शाफ्ट सरळ दाबणाऱ्याला पटरला हात लावू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमची पद्धत त्यांनीच घालून दिली : आधी वजन, मग आवाज आणि अगदी शेवटी, गरज उरलीच तर, धातू. सध्याच्या बहुतेक पटरच्या हेडचे वजन 340 ते 360 ग्रॅमच्या आसपास असते, तर जुनी ब्लेड, म्हणजे पातळ पट्टीसारखी हेड, त्याहून बरीच हलकी असतात. अशा हलक्या हेडला सोलवर (तळाला) किंवा मागच्या बाजूला शिशाची चिकटपट्टी लावली की साधारण दर 2 ग्रॅमला स्विंगवेट, म्हणजे क्लब फिरवताना हेड किती जड वाटते त्याचे माप, एका अंकाने वाढते. ही पट्टी हेडच्या टाचेच्या (शाफ्टजवळच्या) आणि टोच्या (पलीकडच्या टोकाच्या) बाजूंना समान विभागली तर मध्यापासून चुकलेल्या फटक्यावर हेड कमी वळते. सगळी टोच्या बाजूला लावली तर स्वीट स्पॉटही, म्हणजे फटका सर्वात स्वच्छ बसतो तो बिंदूही, तिकडे सरकतो. शिसे विषारी असल्यामुळे पट्टी कापताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. जागा कमी असेल तर टंगस्टन वापरावे. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला 19.3 ग्रॅम आहे, शिशाची 11.3.

आवाजाकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. चेंडू आणि फेस (हेडचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग) यांचा संपर्क जेमतेम एक मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी काळ टिकतो. हातातली संवेदना मेंदूपर्यंत पोहोचते तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो. त्यामुळे ज्याला आपण फील म्हणतो त्यातला मोठा भाग मागाहून येणाऱ्या कंपनांचा आणि आवाजाचा असतो. कार्स्टन सोल्हाइम यांनी 1959 मध्ये आपल्या घराच्या गॅरेजात तयार केलेल्या पटरला त्याच्या आवाजावरूनच पिंग हे नाव पडले आणि 1966 चा त्यांचा आन्सर हा पटर आजही असंख्य पटरच्या आकाराचा पाया आहे. पटर कडक लागतो अशी ज्याची तक्रार असेल त्याने प्रथम कानात बोळे घालून काही पट मारावेत, मग आयोनोमरच्या कडक आवरणाऐवजी युरेथेनच्या मऊ आवरणाचा चेंडू घेऊन पाहावे. तक्रार तेवढ्यानेच मिटली तर पटरला हात लावण्याचे कारण उरत नाही.

सुरुवातीची वर्षे सुरळीत गेली. त्यानंतर आमच्याच बाकावर काम शिकलेल्या एका माणसाने स्वतःची कार्यशाळा थाटली आणि प्रत्येक पटरवर एकच उपाय सुरू केला : फेसवर खोल मिलिंग, म्हणजे यंत्राने खाचा पाडणे. खोल खाचांमुळे चेंडूशी होणारा प्रत्यक्ष स्पर्श कमी होतो, आवाज दबतो आणि ग्राहक पहिल्याच दिवशी खूश होतो, हे खरे आहे. परंतु तो तेवढ्यावर थांबला नाही. आमची शिशाची पट्टी म्हणजे ठिगळ आहे आणि ती लावलेला पटर स्पर्धेत बाद होतो, असे त्याने खेळाडूंमध्ये पसरवले. प्रत्यक्षात गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या नियमांनुसार फेरीपूर्वी लावलेली पट्टी चालते. फेरी सुरू असताना ती नव्याने लावणे किंवा काढणे मात्र चालत नाही. त्याने पसरवलेल्या अर्ध्या सत्याने आमचे बहुतेक ग्राहक गेले, हीट गन दिवसेंदिवस थंड राहू लागली आणि भागीदारांना नाइलाजाने पुन्हा दुसऱ्याच्या लेथवर जावे लागले. त्या माणसाने आजवर एका शब्दानेही चूक दुरुस्त केलेली नाही, ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

त्या काळात एक ज्येष्ठ प्रशिक्षक तेवढे आमच्याकडे येत राहिले. त्यांचा कार्बन स्टीलचा जुना ब्लेड पटर आम्ही वजन वाढवून दिला होता आणि गंज चढू नये म्हणून त्याला नेमाने तेलाचे पातळ बोट लावण्याची सवय त्यांना लावली होती. सर नियमांचे पुस्तक घेऊन स्पर्धेच्या समितीपुढे बसले, संबंधित कलम वाचून दाखवले आणि त्याच पटरने स्पर्धा खेळले. पुढे त्यांनी आपले विद्यार्थी एकेक करून आमच्याकडे धाडले.

मग त्या माणसाने फेस खोल मिल केलेले पटरही आमच्याकडे येऊ लागले. हिशेब साधा आहे : सुमारे 100 मिलिमीटर लांब आणि 25 मिलिमीटर उंच फेसवरून पोलादाचा एक मिलिमीटर थर संपूर्ण काढला तर जवळपास 20 ग्रॅम वजन जाते, खाचांच्या नक्षीत ते त्याहून कमी असले तरी हाताला जाणवण्याइतके असते. शिवाय कटर किंचित तिरका बसला तर तीन-चार अंशांचा लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) बिघडतो. अशा पटरना आम्ही सोलमध्ये टंगस्टनचे वजन बसवून सावरतो. तासलेला फेस मात्र पूर्ववत करता येत नाही आणि हे आम्ही ग्राहकाला काम घेण्यापूर्वीच सांगतो.

भागीदार परत आले आहेत आणि हेड ठोकून ऐकण्याचे काम अजूनही त्यांचेच आहे. इन्सर्ट (फेसमध्ये चिकटवलेला वेगळा तुकडा) असलेल्या पटरवर हीट गन चालवण्याचा आग्रह धरणाऱ्यांची आणि जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव होझेल (हेड आणि शाफ्ट जोडणारी मान) वाकवून मागणाऱ्यांची कामे आम्ही घेत नाही : पहिल्यात इन्सर्टचा चिकट थर सुटतो, दुसऱ्यात होझेल तुटते.