टाळ्या वाजवून हाकलणारं क्रियापद

शनिवार, रात्री उशिरा

भाषांतराचं काम आज पुढे सरकलंच नाही. अठराव्या शतकातला इंग्रजी निबंध, आणि त्यात एका मताला ‘एक्स्प्लोडेड’ असं विशेषण लावलेलं. मत कसं काय फुटेल? ते मत आता कुणी मानत नाही, लोक त्याला हसतात, एवढं आजूबाजूच्या मजकुरावरून कळत होतं. तिथे ‘मोडीत निघालेलं’ असं लिहून पुढे जाता आलं असतं, पण मी शब्दाच्या मागे लागले. अशानेच माझी कामं रखडतात.

सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश १७५५ सालचा. त्यात या क्रियापदाचा पहिला अर्थ दिलाय तो असा: तिरस्काराचा गलका करून एखाद्याला अपमानाने घालवून देणं. दुसरा, आवाज करत जोराने बाहेर काढणं. बॉम्ब फुटतो तसं फुटणं तिथे नाहीच. आणि बंदुकीची दारू तर इंग्लंडला कितीतरी आधीपासून ठाऊक! १६०५ साली लंडनमध्ये लॉर्ड्सच्या सभागृहाखाली गाय फॉक्स सापडला, तेव्हा त्याच्याजवळ दारूची ३६ पिंपं होती. राजासकट सगळं पार्लमेंट उडवायचा बेत. पण त्या बेताबद्दल तेव्हाचे इंग्रज बोलत ते ‘ब्लो अप’ म्हणत. ‘एक्स्प्लोड’ तेव्हा धडाक्याच्या कामाला लागलेलंच नव्हतं.

ते आलंय नाटकाच्या थिएटरातून. लॅटिनमध्ये ‘प्लाउदेरे’ म्हणजे टाळ्या वाजवणं, आणि त्याला ‘एक्स’ जोडलं की टाळ्या वाजवून बाहेर काढणं. रोममध्ये नट आवडला नाही की प्रेक्षक टाळ्या पिटून त्याला रंगमंचावरून हाकलत. सिसेरो या रोमन वक्त्या-वकिलाने एके ठिकाणी लिहिलंय की नटाची हालचाल जराशी तालाबाहेर गेली, किंवा ओळीत एक अक्षर कमीजास्त झालं, तरी लोक त्याला शीळ घालून, टाळ्या वाजवून घालवतात. एका अक्षरासाठी! आपल्या संगीत नाटकांचे जुने दर्दीही याहून सोशीक असावेत.

या टाळ्या कशा असतात ते मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला एक मुलगा स्वगत म्हणायला उभा राहिला. मिशी डिंकाने चिकटवलेली, घामाने तिचं एक टोक सुटून ओठावर आलेलं. दुसऱ्याच वाक्याला बाल्कनीतून टाळ्या सुरू झाल्या. आधी दोघातिघांच्या, मग सगळ्या बाल्कनीच्या, एका ठेक्यात. त्याला आधी वाटलं दाद मिळतेय. तो थांबला, चक्क किंचित वाकला. ठेका वाढत गेला तसा त्याचा चेहरा उतरला आणि मिशी हाताने दाबून धरत तो विंगेत पळाला. शिवी नाही, दगड नाही. दाद द्यायच्याच हातांनी त्याला घालवलं. रोमन लोकांनी यासाठी खास क्रियापद घडवलं याचं मला अजिबात नवल वाटत नाही. आपणही हुर्यो ‘उडवतो’, आणि सुरुंगाने पूलही ‘उडवतो’. म्हणजे इंग्रजीनेच काही वेगळं केलंय असंही नाही.

इंग्रजीत मग नट मागे पडला आणि ‘आवाज करून जोरात बाहेर’ एवढंच उरलं. अठराव्या शतकाच्या अखेरीला ते दारूच्या धडाक्याला चिकटलं, आणि लोकसंख्येपासून रागापर्यंत सगळंच फुटायला लागलं. ‘अप्लॉड’ त्याचं सख्खं भावंड. ‘प्लॉझिबल’सुद्धा त्याच घरातलं, मुळात टाळ्या घेण्याजोगं ते, आता मात्र वरवर पटण्याजोग्या सबबीला तो शब्द वापरतात. ‘इम्प्लोड’, म्हणजे आतल्या बाजूला कोसळणं, हा तर एकोणिसाव्या शतकात ‘एक्स्प्लोड’ला जोडी हवी म्हणून बनवलेला. मूळ धरून पाहिलं तर त्याचा अर्थ आतल्या आत टाळ्या वाजवणं! मला हा फार आवडला.

पण आज खरा वेळ खाल्ला तो सिसेरोच्या एका खटल्याने. पॅनर्गस नावाचा गुलाम, मालक फॅनियस. प्रसिद्ध नट रॉशियसने त्याला अभिनय शिकवला, मिळकतीत दोघांची भागी. पुढे पॅनर्गसचा खून झाला आणि भरपाईवरून भागीदारांत तंटा लागला. सिसेरो रॉशियसचा वकील. तो म्हणतो, देह फॅनियसचा होता, विद्या रॉशियसची, आणि किंमत होती ती विद्येला. माणसाची अशी वाटणी वाचताना अंगावर काटा येतो. त्याचं भाषण ऐकणाऱ्यांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नसणार.

याच भाषणात इरॉस नावाचा विनोदी नट येतो. शिट्ट्या आणि शिव्यांनी त्याला रंगमंचावरून घालवलेलं, आणि क्रियापद हेच. तो रॉशियसच्या आश्रयाला गेला, आणि जो पार शेवटच्या नटांतही मोजला जात नव्हता तो थोड्याच काळात पहिल्या रांगेत पोचला. सिसेरोच्या मते हा निव्वळ रॉशियसच्या शिफारशीचा प्रताप. पॅनर्गसबद्दल बोलतानाही तो हेच सांगून जातो की लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं ते तो रॉशियसच्या तालमीतला म्हणून. स्टॅटिलियससारख्या सुमार नटाकडून आला असता तर रॉशियसपेक्षा सरस असूनही त्याच्याकडे कुणी पाहिलं नसतं. वकिलाने आपल्या अशिलाची थोरवी सांगता सांगता प्रेक्षकांचीही लाज काढली, आणि हे त्याच्या लक्षात आलं नसेल असं मला तरी वाटत नाही.