राणीपोखरीला जाणं राहिलं

शनिवार, 4 नोव्हेंबर 2023, काठमांडू

काल रात्री पावणेबाराच्या सुमारास बालगृहातली माझी खाट हलली. वाटलं, वरच्या पलंगावरची मुलगी कूस बदलतेय. मग खिडकीच्या काचा वाजू लागल्या, आणि कुणी काही सांगायच्या आत सगळी पोरं अंगणात उतरलीसुद्धा, मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरून. मागे राहिले ती मीच, चपला शोधत.

भूकंपाचं केंद्र जाजरकोटला, पश्चिम नेपाळातल्या कर्णालीत, असं मोबाइलवर कळलं तशी तिकडचीच बारा वर्षांची एक मुलगी रडायला लागली. मुलांना सांभाळणाऱ्या बाईंना इथे सगळे दिदी म्हणतात. ती त्यांना एकच विनवत होती, "आमालाई फोन गर्नुस् न." आईला फोन लावा ना.

मी थंडीने काकडत उभी होते. परवाच हिची फाइल वाचली होती. आई मयत, वडील मयत. दोन्ही दाखले, शिक्क्यांसकट.

सोमवार, 6 नोव्हेंबर

जाजरकोटला फोन काल लागला. घर पडलं, माणसं वाचली, ताडपत्रीखाली झोपताहेत. मृतांचा आकडा दीडशेच्या वर गेलाय. ती आज शाळेत गेली.

इथला दिवस पाचला सुरू होतो. नळावर तोंडं धुवायची, मग चहा, मग सगळे एकदम मोठमोठ्याने पाठांतर करतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, भांडण चाललंय. नऊ वाजता दाल-भात-तरकारी. वरण-भात खाऊन शाळेत जायचं हे मला विचित्र वाटायचं. आता सकाळी पोहे मिळाले नाहीत तरी अडत नाही. दहाला टाय लावून शाळा, चारला परत आल्यावर खाजा म्हणजे चिउरा (आपले पोहे) नाहीतर मका-भटमास (सोयाबीन), आणि रात्री पुन्हा दाल-भात. सुट्टी शनिवारी. रविवारी सकाळी सवयीने मी निवांत बसते आणि पोरं दप्तरं घेऊन माझ्याकडे कीव केल्यासारखी बघत निघून जातात.

वह्या मला बऱ्यापैकी वाचता येतात. लिपी आपलीच, 'गऱ्यो' मधला र सुद्धा थेट आपल्या 'दऱ्या'मधला. वाचता येतं म्हणून कळतंही असं समजून मी एका निबंधावर "छान" लिहिलं. तो निबंध नव्हता, शिक्षा म्हणून पंचवीस वेळा लिहिलेलं वाक्य होतं.

गुरुवार, 9 नोव्हेंबर

आमच्या पुण्याच्या गटाने जमवलेले पैसे कुठे जातात ते बघायला मी आले. हिशेब चोख आहे. तेलाच्या पिंपापासून पेन्सिलीपर्यंत पावत्या. खोट आहे ती फाइलींत.

आज दिदींना सरळ विचारलं. त्या मटार सोलत होत्या, हात थांबले नाहीत. माओवादी युद्धाच्या वर्षांत, म्हणजे 1996 ते 2006, कर्णालीतल्या हुम्ला-जुम्लाकडच्या घरांतून पोरं लढायला ओढून नेली जायची. मग दलाल यायचा. काठमांडूला बोर्डिंग शाळेत घालतो म्हणायचा, आणि बाप शेत गहाण टाकून त्यालाच पैसे द्यायचा. हुम्ल्याच्या सिमिकोटला विमानाने जायचं, नाहीतर दिवसचे दिवस चालत. चौकशीला कोण येणार? युद्ध संपलं तरी दलालांना वाट माहीत झालेली होती. अनाथ म्हटल्याशिवाय देणग्या येत नाहीत, म्हणून मग मृत्यूचे दाखले.

2015 च्या भूकंपानंतर युनिसेफने सांगितलं होतं की नेपाळच्या बालगृहांतल्या 85 टक्क्यांहून जास्त मुलांचे आई किंवा वडील, एक तरी हयात आहेत. तेव्हा ते वाचून मी हळहळले होते आणि चेकही लिहिला होता. बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन इथे आहेत. कर्णालीत नाहीत, जिथे पर्यटक उतरतात तिथे. मी उतरले तिथे.

सगळ्यांचं असंच नाही. दोघांची आई तुरुंगात आहे. एकाचे वडील मलेशियाला गेले ते गेलेच, आईने दुसरं लग्न केलं. एकीचं खरंच कुणी नाही.

पहिल्याच दिवशी एक चिमुरडी पळत येऊन मांडीवर बसली होती. मी घरी फोन करून सांगितलं, किती लगेच जीव लावतात! दिदी आज म्हणाल्या, ती प्रत्येकाच्या मांडीवर बसते. पाहुणे पंधरा दिवसांनी बदलतात.

बुधवार, 15 नोव्हेंबर, भाईटीका, म्हणजे इथली भाऊबीज

मी एकुलती एक. लहानपणी भाऊबीजेला आई मला गच्चीवर न्यायची आणि आम्ही चंद्राला ओवाळायचो. हे दिदींना सांगितलं तर म्हणाल्या, "मग राणीपोखरीला जा." प्रताप मल्ल राजाने 1670 साली राणीसाठी बांधलेल्या त्या तळ्याच्या मधोमध बालगोपालेश्वराचं देऊळ आहे. वर्षातून एकदाच, आजच्या दिवशी उघडतं. भाऊबहीण नसलेले तिथे टीका, म्हणजे टिळा, लावून घेतात.

जायला निघाले तर दारातच हुम्ल्याच्या नऊ वर्षांच्या मुलाने अडवलं. आत सतरंजीवर सगळे रांगेत बसलेले. मुलींनी भोवती तेलाची धार फिरवली, कपाळांवर सात रंगांचे ठिपके एकाखाली एक लावले, गळ्यात मखमली फुलांच्या माळा घातल्या. मग मुलांनी मुलींना टीका लावला आणि तो हुम्लेकर मला लावायला आला. रंगाचा क्रम चुकला, म्हणून पुसून पुन्हा लावला. माझ्याकडे ओवाळणी म्हणून पन्नासची नोट होती. सगळ्यांना द्यायला तेवढ्या नव्हत्या, म्हणून कुणालाच दिली नाही. अजून खटकतंय.

जाजरकोटच्या मुलीने सगळ्यांना टीका लावला आणि एक माळ बाजूला ठेवली. तिचा भाऊ ताडपत्रीखाली आहे.

मग ओखर, म्हणजे अक्रोड, फोडायचे. अडचणी, शत्रू त्यात फुटतात म्हणे. उंबऱ्यावर दगडाने ठोकून ठोकून मुलींचे हात दुखले, टरफल काही फुटेना. हुम्लेकर हसत सुटला. म्हणाला, हे हाडे ओखर आहेत, बाजारचे. आमच्या घरामागे दाँते ओखराचं झाड आहे, दाताने फुटतात.

मी विचारलं, किती मोठं झाड?

त्याने हात वर केले, मग टाचा उंचावल्या, मग सतरंजी सोडून पायरीवर चढला.