देशपांड्यांचे चिनी नाव

चीनला शिकायला निघालेली आपली मुले हल्ली चिनी नावासाठी चॅटबॉटलाच साकडे घालतात. 'देशपांडे' लिहून नुसते 'याचे चिनी नाव दे' म्हटले, तर उच्चार जुळवून केलेली 'द-श-फान-द' अशी चार अक्षरे पदरी पडतात. चिनी वर्तमानपत्रे परदेशी मंत्र्यांची नावे अशीच छापतात. वर्गात मात्र अशा नावाने कोणी हाक मारणार नाही. तिथले नाव सहसा दोन किंवा तीन अक्षरांचे असते आणि आडनाव आधी येते. म्हणून देशपांड्यांनी 'दू' घ्यावे, कारण ते खरेखुरे आडनाव आहे आणि तांग काळातला थोर कवी दू फू याचेही तेच होते.

खरी गोम पुढच्या अक्षरांत आहे. दू या आडनावापुढे 'त्स' आणि 'थंग' ही अक्षरे कागदावर भारदस्त दिसतात, कारण दुसऱ्याचा अर्थ झेप घेणे असा होतो. पण 'दू त्सथंग' मोठ्याने म्हटले की ऐकणाऱ्याला 'पोट दुखतंय' असे ऐकू येते. हा विनोद चीनमध्ये इतका जुना आहे की यंत्रालाही तो ठाऊक असतो, परंतु चॅटबॉटमागचे भाषेचे प्रारूप मुख्यतः लिखित मजकुरावर पोसलेले असल्यामुळे कमी प्रसिद्ध ध्वनिसाम्ये त्याच्या हातून निसटतात. पिढीचेही भान हवे. 'च्यानक्वो', म्हणजे राष्ट्रउभारणी, हे नाव साम्यवादी चीनची स्थापना झाली त्या 1949 च्या आसपास जन्मलेल्यांत भरपूर आढळते. आजच्या विशीतल्या मुलाला ते देणे म्हणजे इथे त्याला 'धोंडोपंत' म्हणण्यासारखे आहे.

उत्तम नाव कसे असते, हे पाहायला आपल्याला सोलापूरपलीकडे जावे लागत नाही. 1938 मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे 'ख दीह्वा' या नावाने ओळखले जातात. 'ख' हे प्रचलित आडनाव कोटणीसच्या पहिल्या ध्वनीशी जुळते, 'ह्वा' म्हणजे चीन, आणि 'दीह्वा' ही जोडी प्राचीन चिनी काव्यात बंधुप्रेमाची खूण आहे. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांचा शेवट 'ह्वा'नेच होतो. कोटणिसांच्या मुलाचे नाव 'यिनह्वा', म्हणजे भारत आणि चीन, असे ठेवले गेले.

म्हणून मी यंत्राकडे नाव मागण्याऐवजी नावातली खोड मागतो. आपले वय, काम आणि मूळ नावाचा अर्थ सांगून काही पर्याय घ्यावेत, मग प्रत्येकाचे टोन, म्हणजे उच्चारातले चढउतार, बदलून कोणते हास्यास्पद शब्द होतात, ते नाव कोणत्या पिढीचे वाटते आणि कोणा कुप्रसिद्ध व्यक्तीचे आहे का, हे खोदून खोदून विचारावे. उरलेली दोन-तीन नावे चिनी मित्राला लिहून न दाखवता आधी फोनवर ऐकवावीत.