भांडा कोन घासी? आमच्या भाड्याच्या भांड्यांची वाटचाल

आमचं दुकान जळगाव जिल्ह्यात अमळनेरला. मंडप, बिछायत आणि भाड्याची भांडी. सुरू केलं माझ्या सासऱ्यांनी, त्यांना सगळे नाना म्हणतात. १९८६ ला त्यांनी स्टीलची २०० ताटं, ४०० वाट्या, तेवढेच पेले, चार मोठी पातेली आणि दोन पराती घेतल्या आणि प्रत्येक भांड्यावर नाव आणि खाली नंबर कोरून घेतला, अगदी वाटीवर सुद्धा. त्या वेळी लग्नसराईत ही भांडी घरी यायचीच नाहीत म्हणे, एका गावातून बैलगाडीने दुसऱ्या गावाला जायची, आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की मग सगळी मोजून आत घ्यायची.

मी २००१ ला लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे सगळं उतरणीला लागलं होतं. थर्माकोलची ताटं, द्रोण, प्लास्टिकचे ग्लास आले होते, आणि जेवण झालं की गोळा करायचं आणि गावाबाहेर नेऊन टाकायचं, संपलं काम. ऑर्डर कमी होत होत वर्षाला पाच-सहावर आल्या. शेवटी २००९ ला नानांनी ताटं मोडीत काढली, किलोवर गेली सगळी. वाट्यांचं एक पोतं मात्र त्यांनी माळ्यावर ठेवून दिलं, कुणाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर आमचा बिझनेस म्हणजे फक्त मंडप आणि खुर्च्या, आणि हे लिहायला चांगलं वाटत नाही पण खरं आहे ते लिहिते, मंडपासोबत थर्माकोलच्या ताटांची खोकी पण आम्हीच पुरवायचो. कस्टमर मागायचे, आम्ही द्यायचो, त्यावर दोन पैसे सुटायचे. २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारची प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली, माल संपवायला तीन महिने मिळाले आणि २३ जूनपासून दंड, पहिल्या वेळेला ५,००० रुपये. मग सगळ्यांसारखे आम्ही पण कागदाच्या चंदेरी ताटांवर आलो. कागदच आहे ना, कुजून जाईल, असंच वाटलं.

त्याच वर्षीच्या थंडीत आमच्या एका ओळखीच्या दादांच्या शेतात भरीत पार्टी होती. खान्देशात थंडी पडली की भरीत पार्टी होतेच, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची, हिरवी मिरची-लसूण घालून ठेचायची, सोबत कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात, दीड-दोनशे माणूस सहज जेवतं. ताटं आमची होती. नंतर मध्ये एकदा अवकाळी पाऊस पडून गेला आणि पंधरा दिवसांनी दादांचा फोन आला, चिडले नव्हते, फक्त म्हणाले ताई एकदा येऊन बघून जा. आम्ही दोघं गेलो. वाऱ्याने ताटं कपाशीत उडून गेली होती, ओळीओळीत अडकली होती, काही बांधावरच्या बोरीला. मी एक उचललं तर भिजलेला कागद लगद्यासारखा गळून पडला आणि हातात राहिली एक पातळ, पारदर्शक कातडी. ती फाटेना. ताणली तर लांब होत होती. म्हणजे आम्ही थर्माकोल सोडून प्लास्टिकच दिलं होतं लोकांना, फक्त कागदात लपवलेलं. त्या दिवशी दुपारभर वेचलं, तीन गोण्या निघाल्या, आणि शेवटी शेवटी तर कातड्याच वेचत होतो. (या कोटिंगवाल्या ताटांवर पण राज्यात जुलै २०२२ मध्ये बंदी आली, पण आजही बाजारात मागा, मिळतात.)

येताना गाडीवर मी ह्यांना म्हटलं की नानांची भांडी परत सुरू करू. ते म्हणाले लोकं घेत नव्हते म्हणून तर विकली ना. बरोबर होतं त्यांचं. मग मी ठरवलं की आधी विचारायचं, की लोकांनी स्टीलची ताटं सोडली तरी का. पुढच्या दोन महिन्यांत ज्या ज्या घरी लग्न होतं तिथे जाऊन बसले, पंचवीस-तीस घरं झाली असतील. मला वाटलं होतं लोक भाड्याचं बोलतील, पैशाचं बोलतील. एकाही घरात पैशाचं पहिलं आलं नाही. म्हाताऱ्या बायकांपासून तरुण सुनांपर्यंत सगळ्यांचं एकच, "भांडा कोन घासी व माय?" म्हणजे भांडी घासणार कोण?

आणि ते खरं होतं. पूर्वी भाऊबंदांच्या बायका आठ दिवस आधी यायच्या, पापड-कुरडया, दळण, मांडे सगळं व्हायचं आणि भांडी पण त्यातच. पण त्या घासणाऱ्या कोण असायच्या? कुठली तरी गरीब काकू, नाहीतर विधवा मामी, जिला मंगलाष्टका पण दिसल्या नाहीत कारण ती मागे हौदाजवळ बसलेली. आमच्या चोपड्याकडच्या एका आत्यांनी मला सांगितलं की सख्ख्या पुतणीच्या लग्नात त्यांनी नवरदेव पाहिला तो डायरेक्ट पाठवणीला. म्हणून जुनं ते सगळं चांगलं होतं असं मी कधीच म्हणत नाही. डिस्पोजेबल आलं तेव्हा या बायकांची सुटका झाली हे आधी मान्य करावं लागतं. पर्यावरणाचं भाषण देऊन ते ओझं परत त्यांच्याच डोक्यावर ठेवायचं हे मला पटणारं नव्हतं. लोकांना स्टील नको नव्हतं, घासणं नको होतं.

म्हणून आम्ही ठरवलं की भांडी द्यायची ती घासण्यासकटच. आमची माणसं सोबत येणार, जेवण झालं की खरकटी उचलणार, तिथेच घासणार, मोजून घेऊन जाणार, आणि घरच्यांनी ताटाला हात लावायचा नाही. सोन्याची एक पोत गहाण ठेवून ३०० सेट घेतले, एक ताट, दोन वाट्या, पेला, चमचा. खरेदीत पण शिकलो. दुकानदार चुंबक लावून दाखवतात की बघा चिकटत नाही म्हणजे चांगलं स्टील, पण स्टीलच्या २०२ या हलक्या आणि ३०४ या चांगल्या, दोन्ही ग्रेडला चुंबक सहसा चिकटत नाही, आणि आमच्याकडच्या बोअरच्या खारट पाण्यात हलक्या ग्रेडला वर्षभरात ठिपके पडायला लागतात. पहिल्या १०० ताटांना पडले. पुढची ३०४ ची घेतली, महाग पडली पण ती अजून तशीच आहेत.

पहिली ऑर्डर २५० माणसांचा साखरपुडा, फेब्रुवारी २०१९. रात्री घासून झालं आणि घाईत ओलीच ताटं एकात एक घालून क्रेटमध्ये भरली, वरून ताडपत्री. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरी ऑर्डर होती. सकाळी क्रेट उघडला तर असा आंबूस वास, मी तर खालीच बसले. सगळी ३०० ताटं पहाटे पाच वाजता परत धुतली, उन्हात पसरली, दुपारपर्यंत वास गेला. तेव्हापासूनचा नियम, ऊन लागल्याशिवाय ताट क्रेटमध्ये जात नाही. आपल्याकडे पाऊस सोडला तर उन्हाला तोटा नाही, मे महिन्यात अंगणात पसरलेलं ताट उचलायला फडकं घ्यावं लागतं इतकं तापतं. पावसाळ्यात ऑर्डर पण कमी आणि जागा पण कमी, तेव्हा पंख्याखाली उभी लावतो.

मग आला २०१९ चा उन्हाळा. आधीच्या ऑक्टोबरात राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झालेला, विहिरी आटलेल्या, गावोगावी टँकर. लोक तोंडावर म्हणायचे की प्यायला पाणी नाही आणि तुम्ही ताटं घासणार? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मोजायचं ठरवलं. आधी एका लग्नात नळी लावून घासलं तर ३०० सेटला टाकीच रिकामी झाली, १,००० लिटरची. हे तर चालणारच नव्हतं. मग आमच्याकडे भांडी घासणाऱ्या एका मावशींनी युक्ती सांगितली, त्या पूर्वी खानावळीत होत्या. तीन टब लावायचे. ताट आधी रबरी पट्टीने कोरडं पुसून घ्यायचं, खरकटं बादलीत, ते गुरांना. पहिल्या टबात घासणी आणि राख-साबण, दुसऱ्यात खळबळ, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. पहिल्या टबाचं पाणी काळं झालं की तेच फेकायचं आणि दुसऱ्याचं पहिल्यात, तिसऱ्याचं दुसऱ्यात, ताजं पाणी फक्त तिसऱ्यात. शेवटी एकदा कढत पाण्यातून काढायचं, त्याला पऱ्हाटीचाच जाळ. पुन्हा मोजलं तर ३०० सेटला पावणेचारशे लिटरच्या आसपास बसलं, म्हणजे एका माणसामागे सव्वा लिटर. आजही आम्ही तेवढंच धरतो आणि पाणी नसलेल्या गावात स्वतःची टाकी घेऊन जातो, घाण पाणी शोषखड्ड्यात.

जिथे खरंच थेंब नाही तिथे आम्ही स्टीलचा हट्ट धरत नाही. तिथे पळसाची पत्रावळ. सातपुड्याकडच्या पाड्यांवरून येते, चोयांनी (बांबूच्या बारीक काड्यांनी) टाचलेली. त्यात पण बघून घ्यावं लागतं, कारण मशीनवर दाबलेल्या काही पत्रावळींना खालून प्लास्टिकचा कागद लावलेला असतो, वरून पान आणि खाली तेच. उलटी करून नख लावून बघा, लगेच समजतं. टाचणाऱ्या बायका शेकड्याला जो भाव सांगतात तो आम्ही पाडून मागत नाही. एक बाई दिवसात किती टाचू शकते ते मी शेजारी बसून पाहिलंय, त्याच्यानंतर घासाघीस करायला तोंड होत नाही.

सगळ्यात जास्त विचारतात ते केळीच्या पानाचं. जळगाव जिल्हा केळीचा, मग पानं फुकटच असतील ना? नसतात. घड भरत असताना पान कापलं तर घडाचं वजन घटतं, कोणता शेतकरी देईल? आणि कापणीनंतर जी पानं राहतात त्यांच्यावर करपा रोग असतो, फवारणी झालेली असते, वाऱ्याने चिंध्या झालेल्या. ज्यांच्या परसात दोन-चार केळी आहेत त्यांनी सणाला पानावर जेवावं, छानच, पण ४०० माणसांच्या पंगतीला त्याचा आधार नाही.

२०२० मध्ये सगळंच थांबलं. लग्नं ५० माणसांत, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तर २५ माणसं आणि दोन तास. लोकांना दुसऱ्याच्या ताटाची भीती बसली आणि युज अँड थ्रो परत आलं. आम्ही ते दिवस हप्ते फेडत काढले. पुढे लोक परत आले ते त्या कढत पाण्यामुळे, आम्ही ते मांडवातच सगळ्यांसमोर उकळायचो, मागे लपवून नाही.

आता मावश्यांचं सांगते, कारण माझ्या मते बिझनेस त्यांच्यावर उभा आहे. सहा जणी आहेत. सुरुवातीला आम्ही पण चुकलो, मजुरी ठरवली आणि बाकी काही नाही. एका मंगल कार्यालयात रात्री साडेअकरापर्यंत त्या घासत होत्या आणि जेवायला गेल्या तर वरण संपलेलं, बट्ट्या गार, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी पातेल्याच्या बुडाला. एक मावशी काही बोलली नाही, बट्टी चुरून नुसतं पाणी टाकून खाल्लं तिने. मी तिच्या शेजारी बसले होते, माझ्या ताटात पण तेच होतं, आणि मला घास उतरला नाही. आपण ताट पर्यावरणाचं म्हणतोय आणि ते घासणारी बाई उपाशी, याला काय अर्थ आहे. दुसऱ्याच दिवशी रेटच्या कागदावर लिहिलं की आमच्या मावश्या पहिल्या पंगतीला जेवतील, गरम, बसून, त्यांना ताट पाट पाण्यासकट वाढायचं. सेटचा रेट घासण्यासकट १२ रुपये, त्यात हे मान्य असेल तरच ऑर्डर. दोन पार्ट्या यावरून गेल्या. जाऊ दिल्या. शिवाय उकिडवं बसून घासायचं बंद केलं, टब कमरेच्या उंचीच्या लोखंडी घोड्यांवर ठेवतो, हातात रबरी मोजे, रात्री घरी सोडायला टेम्पो.

हिशोब पण सांगून टाकते. चंदेरी ताट, द्रोण, ग्लास मिळून माणशी सात-आठ रुपयांना पडतं, आम्ही १२ ला. चार-पाच रुपये जास्त आहेत हे मी लपवत नाही. ४०० माणसांना १,६०० ते २,००० रुपये होतात, एका लग्नाच्या फटाक्यांपेक्षा कमीच. वाट्या हरवतात, दर लग्नाला सात-आठ तरी, त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापतो, पण नानांनी सुरू केलेलं नाव-नंबर कोरणं चालू ठेवल्यामुळे बऱ्याच परत पण येतात, कुणी आठवडी बाजाराला आलं की दुकानात ठेवून जातं. माळ्यावरचं ते पोतं २०२२ मध्ये खाली काढलं. चिंचेने घासली तर लख्ख निघाली. आता त्याच वाट्यांत शेवभाजी वाढली जाते, नाना खुर्ची टाकून बसतात आणि परत आलेल्या वाट्यांचे नंबर वहीत लिहितात.

आज ९०० सेट आहेत. येत्या लग्नसराईसाठी अजून दोन मावश्या हव्यात आणि पाणी तापवायला काहीतरी सोय, कारण पऱ्हाटी गोळा करायला पण आता माणूस मिळत नाही.

परवा पारोळ्याकडून एका बाबांचा फोन आला, नातीचं लग्न आहे, ४०० माणूस. मी तारीख लिहून घेतली, पाण्याचं विचारलं, डिपॉझिटचं सांगितलं. मग तेच म्हणाले, पोरी तुझ्या भांडी घासणाऱ्या बाया किती येतील? मी म्हटलं सहा. ते म्हणाले, मग ताटं ४०६ आण.