तात्पुरतं, नंतर काढणे

बुधवार, रात्री उशिरा

आजचा अख्खा दिवस तीन सेकंदांमागे गेला. कोडमध्ये एका ठिकाणी तीन सेकंद थांबायची एक ओळ होती, आणि तिच्यावर कमेंट, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठीची टीप, "तात्पुरतं, नंतर काढणे". टीममधल्या नवीन मुलाने ती मागच्या आठवड्यात काढली. त्याचं काहीच चुकलं नाही, कमेंटमध्येच काढा म्हटलंय, त्याने काढली, टेस्ट सगळ्या पास झाल्या, रिव्ह्यू मीच करून अप्रूव्ह केला. आणि सोमवारपासून रोज येणाऱ्या फाईल्सपैकी एखादी अर्धवटच वाचली जायला लागली, शेवटच्या काही ओळी गायब, एरर कुठेच नाही, लॉगमध्ये सगळं सुरळीत, फक्त बेरीज जुळत नाही. असा बग मला सगळ्यात जास्त छळतो, जो ओरडत नाही तो. प्रोग्रॅम धाडकन बंद पडला तर परवडतं, निदान कुठे बघायचं ते तरी कळतं.

दुपारपर्यंत डिस्क बघून झाली, नेटवर्क बघून झालं, शेवटी जुन्या आणि नवीन कोडमधला फरक ओळ ओळ वाचत बसले तेव्हा ही काढलेली ओळ दिसली. गिट ब्लेम लावलं, म्हणजे कुठली ओळ कुणी कधी टाकली ते दाखवणारी कमांड. ओळ माझीच, सहा वर्षांपूर्वीची, शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठला टाकलेली, आणि कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबत लिहायची नोंद, काय तर "फिक्स". त्या मुलाने अगदी सरळ विचारलं, "पण हे कशासाठी होतं ते कुठे लिहिलंय का?" कुठेच लिहिलं नव्हतं. मलाही आठवायला तास लागला. दुसरा एक प्रोग्रॅम ती फाईल लिहीत असतो, आपण त्याचं लिहून व्हायच्या आधीच ती उघडतो, म्हणून थोडं थांबायचं. तीन सेकंदांत त्याचं लिहून होत असे. म्हणजे सहा वर्षं नशिबाने होत असे.

खरा उपाय तेव्हाही दहा मिनिटांचाच होता. लिहिणाऱ्याने आधी वेगळ्या नावाने फाईल लिहायची आणि पूर्ण झाली की तिचं नाव बदलून खरं नाव द्यायचं. युनिक्सच्या जातीच्या सिस्टीमवर, म्हणजे लिनक्स, मॅक वगैरे, एकाच फाईल सिस्टीममध्ये असेल तर, नाव बदलणं एका फटक्यात होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला एकतर जुनी फाईल दिसते नाहीतर नवीन पूर्ण फाईल, मधली अर्धी कधीच दिसत नाही. आज तेच केलं. तीन सेकंद आता खरोखरच गेले.

पण मी बग सुटल्यावरही खुर्चीतून उठले नाही, कारण डोक्यात तो तात्पुरतं शब्द फिरत होता. आपल्या धंद्यात जेवढं काही कायमचं आहे ना, त्यातलं बरंचसं कुणीतरी तात्पुरतं म्हणूनच केलेलं आहे, असं माझं मत होत चाललंय.

मेकचंच घ्या. स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ मध्ये बेल लॅब्स या अमेरिकन संशोधन संस्थेत मेक लिहिलं, कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधून देणारं साधन, आणि त्याच्या सूचनांच्या फाईलमध्ये, मेकफाईलमध्ये, कमांडच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हायला लागते, स्पेस दिल्या तर चालत नाही. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे नवशिक्याचे तासन्‌तास त्यात जातात, माझेही गेलेत. फेल्डमनने स्वतःच नंतर सांगितलंय की हे बदलायला हवं हे त्याला लवकरच कळलं होतं, पण तोपर्यंत मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांचं चालू काम बिघडवायला नको म्हणून त्याने ते तसंच ठेवलं. डझनभर लोक! आता पन्नास वर्षं होत आली आणि जगभर लोक अजून तो टॅब देतायत. मी आधी या गोष्टीकडे फक्त एक किस्सा म्हणून बघायचे, आज मात्र मला त्याची बाजू मनापासून पटली आणि तरीही वाटलं की नाही, बदलायलाच हवं होतं. बारा मित्रांना एका दुपारी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन सांगता येतं. बारा हजार झाले की नाही सांगता येत. बदलायची ती एक छोटी फट असते आणि ती आपल्याला वाटते त्यापेक्षा फार लवकर बंद होते.

आणि याच्या उलट उदाहरणही त्याच बेल लॅब्समधलं आहे, वेळेचं. १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये वेळ मोजायची ती सेकंदाच्या साठाव्या भागात, १९७१ च्या १ जानेवारीपासून. ३२ बिटांत, म्हणजे चार बाइटच्या जागेत, ते आकडे जेमतेम ८२९ दिवस पुरतात, सव्वादोन वर्षं. युनिक्स लिहिणाऱ्यांनी सुरुवातीचा दिवस पुढे सरकवून पाहिला, मग साठावे भाग सोडून सरळ सेकंद धरले, आणि शेवटी १ जानेवारी १९७० वर गाडी थांबली. वापरणारे मूठभर होते तोवर बदललं, म्हणून जमलं. तरी राहिलं ते राहिलंच, ३२ बिटांची चिन्हासहित संख्या सेकंदांत मोजली तर ६८ वर्षांनी संपते, १९ जानेवारी २०३८ ला, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी. आपले फोन लॅपटॉप ६४ बिटांवर गेलेत, त्यांची मला एवढी चिंता नाही. चिंता आहे ती मशीनच्या आत बसवून विसरून गेलेल्या छोट्या बोर्डांची, ज्यांचा सोर्स कोड कुणाच्या हार्ड डिस्कवर आहे तेही आता माहीत नसेल. आणि जुन्या फाईल फॉरमॅटांची, जिथे वेळेला चारच बाइट ठेवलेत. तिथे दोष १९७० च्या दशकाचा नाही, "२०३८ ला कोण वापरतंय हे" असं म्हणून २००५ मध्ये कुणीतरी ठेवलेले चार बाइट असतील. माझी ओळही तशीच ना. सहा वर्षांनी कोण वापरतंय.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्या एचटीटीपीमध्ये तर स्पेलिंगची चूक आहे. आपण कुठल्या पानावरून इथे आलो ते सांगणारा रेफरर हेडर, म्हणजे मागणीसोबत जाणारी एक ओळ, त्यात एक आर गळलाय, आणि तो १९९६ च्या आरएफसीमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या कागदात, तसाच छापला गेला. आज प्रत्येक ब्राउझर आणि प्रत्येक सर्व्हर ती चूक मुद्दाम, न चुकता करतो, कारण आता बरोबर लिहिलं तर बिघडेल. नंतर आलेल्या रेफरर पॉलिसी हेडरचं स्पेलिंग बरोबर आहे, म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी, एक आर कमी आणि एक बरोबर. मला हे बघून हसू नाही येत, मला ते हलवून टाकतं खरं तर. एका माणसाच्या घाईत सुटलेलं एक अक्षर पूर्ण जग मिळून सांभाळतंय.

आपल्या लिपीचंही असंच झालं, आणि हा विषय निघाला की मला राहवत नाही. एक अक्षर म्हणजे एक बाइट हे सुरुवातीला धरून चाललं गेलं कारण समोर इंग्रजी होती, बाकीच्या लिपी नंतर बघू. विद्यार्थी हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला तीन अक्षरं, वि, द्या, र्थी. सगळ्या लिपींच्या चिन्हांना आकडे देणाऱ्या युनिकोडमध्ये ते दहा कोड पॉइंट, म्हणजे दहा सुटी चिन्हं, आणि ती साठवायच्या यूटीएफ ८ या पद्धतीत तीस बाइट. आता एखाद्या प्रोग्रॅमरने नावाला वीस बाइटची मर्यादा घातली की शब्द मध्येच तुटतो, कधी जोडाक्षर फुटून लोंबता हलंत उरतो, कधी वेलांटी नसलेलं व्यंजन, कधी नुसता चौकोन. वाचणाऱ्याचं अक्षर म्हणजे काय याचा प्रमाण नियमसुद्धा जोडाक्षर मध्येच तोडायचा, ते देवनागरीसाठी नीट झालं ते २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये. आणि त्याच्यानंतरही प्रत्येक लायब्ररीने, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडने, तो नियम घ्यायला हवा. नंतर बघू हे ज्यांनी म्हटलं त्यांना त्यात काही त्रास झाला नाही, त्रास होतो तो ज्याचं नाव तुटतं त्याला. म्हणून मी आमच्याकडे हट्टाने प्रत्येक टेस्टमध्ये एक तरी जोडाक्षरवालं नाव घालते, आणि हे तरी तात्पुरतं नाहीये.

बाबांची एक वही आहे. घरातली कुठली वस्तू कधी दुरुस्त केली ते ते त्यात लिहितात, तारीख टाकून. लहानपणी मला वाटायचं की हिशोब आहे. मागच्या सुट्टीत मी ती पहिल्यांदा नीट वाचली, आणि त्यात एक नोंद होती की पाण्याच्या पाइपचा खालचा कॉक अर्धाच उघडा ठेवणे, पूर्ण उघडल्यास वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, दोनदा करून पाहिले आहे. मी हाच कॉक आल्या आल्या पूर्ण उघडला होता, अर्धा उघडा दिसला म्हणून, कुणीतरी विसरलं असेल असं वाटून. तेव्हा नुसतं "बरं" म्हणून पुन्हा अर्धा बंद केला. आज त्या मुलाने विचारलं तेव्हा मला तो कॉक आठवला. त्या वहीत "काय केलं" अर्ध्या ओळीत असतं आणि "कशासाठी" पूर्ण दोन ओळी, दोनदा करून पाहिले आहे हे तर मला फार आवडलं, कारण पुढच्याला कळतं की हा अंदाज नाही, अनुभव आहे. बाबांनी आयुष्यात गिट बघितलेलं नाही, पण इतके चांगले कमिट मेसेज मी फार कमी लोकांचे वाचलेत.

हल्ली आमच्याकडे निम्मा कोड एआयला सांगून लिहिला जातो, मीही लिहून घेते, त्याला माझा विरोध नाही, कंटाळवाणं काम पटकन होतं. पण एक गोष्ट मला खटकते. त्याने लिहिलेल्या कमेंट्स सगळ्या "काय" च्या असतात, इथे यादी फिरवतो, इथे फाईल उघडतो, जे खालच्या ओळीत दिसतंच आहे. "कशासाठी" त्याला कसं माहीत असणार, शुक्रवारी संध्याकाळी काय अडलं होतं ते खोलीत बसलेल्या माणसालाच माहीत असतं. ते लिहायचं काम आपलंच राहणार आहे आणि कोड जितका पटापट वाढेल तितकं ते जास्तच लागणार आहे.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या डेव्हलपरला दिसलं की एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायच्या पद्धतीने, लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. तो मागे लागला, खणत खणत एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीपर्यंत गेला, आणि तिथे कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवला होता, जो अजून थोड्या आठवड्यांत असंख्य सर्व्हरांवर पोचला असता. त्याने अर्ध्या सेकंदाला "कशासाठी" विचारलं. आमच्या तीन सेकंदांना सहा वर्षांत कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही, आणि त्या काळात कोडची ती फाईल मी स्वतः निदान वीसेक वेळा उघडली असेल. डोळ्यांना सवय झाली की ओळ दिसेनाशी होते, भिंतीवरच्या खिळ्यासारखी.

म्हणून रात्री घरी येऊन पुन्हा लॅपटॉप उघडला आणि सगळ्या रेपोवर, म्हणजे आमच्या कोडच्या साठ्यांवर, ग्रेप मारला, म्हणजे शब्द शोधायची कमांड, तात्पुरतं, तात्पुरता, तात्पुरती, आणि इंग्रजीतले त्याचे भाऊबंद. ४१ जागा निघाल्या. त्यातल्या अठरा माझ्या. अकरा ठिकाणचं कारण मला आठवलं, ते तिथेच लिहून टाकलं, बाबांच्या पद्धतीने, आधी कशासाठी आणि मग काय, आणि जिथे करून पाहिलंय तिथे करून पाहिलंय असं स्पष्ट. चार ठिकाणी आता गरजच नाही, त्या उद्या त्या मुलाला सोबत घेऊन काढणार आहे, एकेक करून, प्रत्येकीनंतर दोन दिवस थांबून.

राहिल्या तीन. दोन पूर्वी माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मैत्रिणीसोबत बसून लिहिलेल्या, तिला आत्ताच मेसेज टाकलाय, आठवतंय का गं, एक्सपोर्टच्या आधी आपण ती यादी दोनदा सॉर्ट का करायचो? तिसरी कुणाला विचारावी तेही कळत नाहीये. एक आकडा आहे, ८६, त्याच्या पुढे "तात्पुरता, बदलू नये". तिथे मी आजची तारीख घातली आणि लिहिलं, कारण माहीत नाही, शोधते आहे.